कुंपणाकडची ओळ

आपल्याला कमी दिसायला लागलंय, हे फक्त टेलरबाईंना माहीत होतं. नवऱ्याला माहीत नव्हतं, गिऱ्हाइकांना तर नाहीच नाही. सुईत दोरा ओवायचं एक तारेचं छोटं यंत्र त्यांनी गुपचूप आणलं होतं. ते जिन्याखालच्या त्यांच्या दुकानात, बटणांच्या डब्यामागे लपवलेलं असे. काळ्या कापडावर काळी शिवण मारायची वेळ आली की त्या बोटांनी चाचपून मारायच्या. बोटं अजून पक्की होती. "तुमच्या हाताला डोळे आहेत हो," असं एखादी बाई कौतुकाने म्हणाली की टेलरबाई घाईने दुसरा विषय काढायच्या. हिला कळलं की काय, असं वाटायचं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. आता निवृत्त होता, पण कुठल्याही इमारतीत शिरला की आधी लिफ्टचा आवाज कान देऊन ऐकायचा आणि मान हलवायचा. त्याला सांगितलं असतं तर त्याने त्याच दिवशी दवाखान्यात नेलं असतं. दवाखाना म्हणजे ऑपरेशन, ऑपरेशन म्हणजे महिनाभर दुकान बंद, आणि एकदा का टेलरला दिसत नाही असं लोकांच्या तोंडी झालं की मग दुकान उघडलं काय आणि बंद राहिलं काय, सारखंच. म्हणून टेलरबाई गप्प होत्या.

रविवारी सकाळी त्या बागेत जात. दोन इमारतींच्या मधल्या जागेत पूर्वी एक थिएटर होतं. ते पाडलं, ढिगारा उचलला, पण तिथे नवीन काही बांधायचं कुणाच्या मनात आलं नाही. मग आजूबाजूच्या लोकांनी आधी तिथे कचरा टाकला, आणि पुढे त्यातल्याच काहींनी लाज वाटून वाफे घातले. ज्याला जमेल त्याने यायचं, तण काढायचं, पाणी घालायचं. निघालेल्या भाजीच्या जुड्या फाटकापाशी क्रेटमध्ये ठेवायच्या, ज्याला हवी त्याने न्यायची. सगळा कारभार कंडक्टर बघायचे. बसमधली नोकरी संपली तरी त्यांचा आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा होता. वाफ्यात उभं राहून कुणी गप्पा मारायला लागलं की ते ओरडत, "पुढे सरका, पुढे सरका! मागे जागा रिकामी आहे!"

पालेभाजीचे वाफे टेलरबाईंकडे होते. मधे दोनतीन रविवार त्यांना येता आलं नाही. शाळा सुरू व्हायच्या होत्या आणि गणवेशांचा ढीग अंगावर आला होता. त्या आल्या तेव्हा पालक तरारून आलेला होता आणि त्याच्या बरोबरीने तणही. कुंपणाकडच्या ओळीत तर पालक कुठला आणि रान कुठलं, कळू नये इतकं माजलं होतं.

"टेलरबाई, ती कडेची ओळ राहू द्या हं," पलीकडच्या वाफ्यातून सिस्टर म्हणाल्या. सिस्टर म्हणजे मोठ्या इस्पितळातल्या नर्स. त्या रात्रपाळी करून थेट बागेत यायच्या आणि टोमॅटोला काठ्या बांधत जांभया द्यायच्या. "तण फार झालंय तिकडे. मी बघते नंतर."

"मला काय पालक ओळखता येत नाही?" टेलरबाई म्हणाल्या. हसतच म्हणाल्या, पण त्यांना ते लागलं होतं.

ऊन समोरून येत होतं. उन्हात त्यांना सगळ्यात कमी दिसे. दुधावर साय धरावी तसं सगळ्यावर काहीतरी पांढुरकं पसरे. त्या खाली बसल्या आणि बोटांनी देठ चाचपत, खुडत पुढे सरकल्या. कुंपणापाशी कसलासा उग्र वास आला. तिथून गटार जातं, त्याचाच असेल, असं त्यांना वाटलं. खुडलेला पाला त्यांनी मांडीवर घेतला, जुड्या केल्या, आणि दुकानातून आणलेल्या कापडाच्या पट्ट्यांनी एकेक बांधून टाकली.

बाग आवरत आली तेव्हा फाटकात एक तरुण बाई येऊन उभी राहिली. बरोबर दोन मुली. एक सहाएक वर्षांची, पुढचे दात पडलेली, आणि एक कडेवर.

"ही भाजी कुणीही घेऊ शकतं का?" तिने विचारलं.

"कुणीही!" कंडक्टर म्हणाले. "नवीन दिसता."

"हो, आत्ताच राहायला आलोय."

टेलरबाईंनी वरची जुडी तिच्या हातात ठेवली. निळ्या फुलांच्या पट्टीने बांधलेली. तेवढ्यात मोठीने वाटेवरचा एक गोल खडा उचलून फ्रॉकच्या खिशात टाकला आणि तो टपकन खाली पडला. टेलरबाईंनी तिच्या खिशात हात घातला, तर दोन बोटं आरपार बाहेर आली.

"खिसा उसवलाय गं तुझा. जिन्याखालच्या दुकानात ये, शिवून देते."

मुलगी लाजली आणि आईच्या मागे लपली. त्या तिघी निघून गेल्या. इतरही आपापल्या जुड्या घेऊन घरी गेले.

दुपारी टेलरबाई भात टाकत होत्या आणि नवरा टेबलापाशी बसून पालक निवडत होता. निवडता निवडता त्याची बडबड चालली होती.

"अगं, तुमचा पालक आजारी आहे का?"

"म्हणजे?"

"याला वास येतोय. उंदीर मेल्यासारखा." त्याने एक पान चुरगाळून नाकाशी धरलं. "आणि कडा बघ, करवतीसारख्या. असला पालक मी तरी जन्मात बघितला नाही."

टेलरबाईंनी पान हातात घेतलं. खिडकीशी गेल्या, उन्हाकडे पाठ केली, चष्म्यावर चष्मा धरला. पानाच्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला आणि मग त्यांचा अंगठा तिथेच थांबला. लहानपणी शाळेच्या वाटेवर त्यांच्या आईने हेच झाड काठीने दाखवून सांगितलं होतं, याला हात लावायचा नाही, खेळात सुद्धा नाही.

"धोतरा आहे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"अहो, धोतरा. विष आहे हे."

नवऱ्याने हातातली जुडी टेबलावर टाकली. दोघांनी मिळून ती मोकळी केली. एखादंच पान असेल, देवा, एखादंच असू दे, असं त्या मनात म्हणत होत्या. पण निवडताना एका बाजूला पालकाचा ढीग झाला आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या निम्म्याने दुसरा.

"ही कुणी तोडली होती?" नवऱ्याने विचारलं.

क्षणभर टेलरबाईंच्या मनात आलं, की गप्प बसावं. हा ढीग कचऱ्यात टाकावा. बाकीच्यांच्या जुड्यांत असेलच असं थोडंच आहे? असलं तरी लोक निवडतीलच की, वास येईलच की त्यांना. हे सगळं एका श्वासात मनात येऊन गेलं. आणि पुढच्याच श्वासाला डोळ्यांपुढे क्रेटमधल्या जुड्या आल्या, एकेक पट्टी ओळखू येईल अशा.

"मी," त्या म्हणाल्या. "मला दिसत नाही हो. किती दिवस झाले, मला नीट दिसत नाही."

नवऱ्याने गॅस बंद केला, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाला, "चल."

सिस्टर झोपल्या होत्या. फोन तिसऱ्यांदा वाजल्यावर त्यांनी उचलला. त्यांची जुडी अजून पिशवीतच होती. टेलरबाईंचं बोलणं पुरं व्हायच्या आत त्यांची झोप उडाली.

"कुणी खाल्लं असेल तर काय होतं?" टेलरबाईंनी विचारलं.

"तोंड कोरडं पडतं. अंग तापतं. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. आणि माणूस भ्रमिष्टासारखं करायला लागतं, नसलेलं दिसायला लागतं." सिस्टर म्हणाल्या. "लहान मुलांना फार थोडंही पुरतं, टेलरबाई. आधी मुलं असलेल्या घरांत जा. मी इस्पितळात कळवते."

कंडक्टर खालीच भेटले. त्यांच्या घरी पालक उद्यासाठी ठेवला होता. ऐकल्यावर त्यांचा चेहरा पांढरा पडला, पण डोकं ठिकाणावर राहिलं. कुणी कुठली जुडी नेली, ते त्यांना तोंडपाठ होतं. एका घरी फोन, एका घरी धावत, तिसऱ्या इमारतीच्या खाली उभं राहून हाका. "पालक खाऊ नका! सकाळचा पालक खाऊ नका!" खिडक्या उघडत गेल्या. एका घरात भाजी शिजून ताटात वाढलेली होती. टेलरबाईंनी तिथल्या आजींच्या हातातला घास अक्षरशः ओढून घेतला. आजी चिडल्या, मग कारण कळल्यावर रडायला लागल्या. टेलरबाईंना रडायलाही फुरसत नव्हती.

एकेक जुडी सापडत गेली. शेवटी एकच उरली.

"ती नवीन बाई," कंडक्टर म्हणाले. "कुठे राहते?"

कुणालाच माहीत नव्हतं. नाव विचारलं नव्हतं, घर विचारलं नव्हतं. दोन मुली, एवढंच. टेलरबाईंच्या तोंडाला कोरड पडली. आपणही तो पाला हाताळलाय, त्याचंच हे असेल का, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. मग वाटलं, नाही, ही नुसती भीती आहे.

लाँड्रीवाल्याला माहीत होतं. "पुढे दात नसलेली पोरगी ना? लिफ्ट बंद असते त्या इमारतीत आलंय ते बिऱ्हाड. सामान सगळं जिन्याने चढवत होते बिचारे. एकदम वरचा मजला."

कंडक्टर रुग्णवाहिकेला फोन करून तिला वाट दाखवायला रस्त्यावर थांबले. टेलरबाई आणि नवरा जिना चढायला लागले. नवऱ्याला गुडघ्याचा त्रास होता. बंद लिफ्टच्या दाराजवळून जाताना त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. प्रत्येक मजल्यावर कुणाच्या तरी घरातून टीव्हीचा आवाज येत होता, भांडी वाजत होती, आणि टेलरबाईंना वाटत होतं की हे आवाज असेच राहू देत, यातला कुठला आवाज थांबू नये.

शेवटच्या मजल्यावर करपल्याचा वास होता.

नवऱ्याने दार वाजवलं. आतून काही नाही. परत वाजवलं.

"कोण आहे?" दाराच्या अगदी खालून एक बारीक आवाज आला.

"बाळा, मी बागेतली काकू," टेलरबाई खाली वाकून म्हणाल्या. "दार उघड बरं."

"आई म्हणाली, कुणालाही दार उघडायचं नाही."

"शहाणी आहे तुझी आई. कुठाय ती?"

"आई दोरे काढतेय."

"कसले दोरे?"

"दोरे नाहीयेत," ती म्हणाली. "पण ती काढतेय. हवेतले."

टेलरबाईंनी दाराची चौकट धरली. नवरा खिशात हात घालून पान्हा, पेचकस, जे सापडेल ते चाचपत होता.

"तू भाजी खाल्लीस का गं? हिरवी?"

"मला नाही आवडत. मी ब्रेड खाल्ला."

"आणि बहिणीने?"

"तिने थुंकली."

"कुठाय ती?"

"आईकडे. आईने तिला खिडकीत नेलंय."

नवऱ्याने दाराला खांदा लावून बघितला. दार जाड होतं आणि आतून वर कडी होती. तो आणखी एक धक्का देणार तेवढ्यात आतून मुलगी किंचाळली आणि टेलरबाईंनी त्याचा दंड धरला. "नको, थांबा. दार धडधडलं की आत ती घाबरेल. खिडकीत आहे ती." मग परत दाराच्या फटीशी तोंड नेऊन त्या म्हणाल्या, "बाळा, ऐक. काका दार ठोकणार नाहीत आता. कडी तुला काढायची आहे. स्टूल आहे का तिथे?"

"तुम्ही चोर आहात का?"

"नाही गं."

"चोर पण नाहीच म्हणतात."

खरंच होतं ते. आत भांड्याचा तडतड आवाज होत होता. मग एकदम त्या म्हणाल्या, "सकाळी तू खिशात खडा टाकलास आणि तो खाली पडला. मी तुझ्या खिशात हात घातला तर माझी दोन बोटं बाहेर आली. आठवतंय? शिवून देते म्हटलं होतं ना मी."

मग फरशीवरून काहीतरी ओढत आणल्याचा आवाज. स्टूल दारावर आपटलं. कडी किरकिरली, अडकली, परत किरकिरली. टेलरबाईंनी तेवढ्या वेळात श्वास घेतला होता की नाही, त्यांना पुढे कधी सांगता आलं नाही.

दार उघडलं. नवरा धुराकडे, स्वयंपाकघराकडे धावला. मुलीने न बोलता बोट दाखवलं.

पलीकडच्या खोलीची खिडकी पुरी उघडी होती आणि दुपारचं ऊन थेट आत येत होतं. टेलरबाईंना समोर नुसता पांढरा चौकोन दिसला. त्यात एक काळसर आकार. तो आकार एका माणसाचा आहे की दोघांचा, आणि लहान मूल खिडकीच्या आत आहे की बाहेर, ते त्यांना कळेना. आयुष्यात त्या इतक्या कधी घाबरल्या नव्हत्या. डोळे मिटले तरी तेच आणि उघडले तरी तेच.

त्यांनी कान दिला. ती बाई कुणाशी तरी बोलत होती. अगदी रोजच्यासारखं, घाईच्या वेळी आपल्या माणसाशी बोलावं तसं.

"आई, धर गं हिला. लवकर धर ना. किती वेळ उभी राहू? माझे हात भरून आले."

आणि बाहेर, खिडकीच्या पलीकडे, कुणीही नव्हतं. चार मजले खाली रस्ता होता.

टेलरबाईंना हाक मारायची होती, पण कुठल्या नावाने मारणार? आणि हाक मारली आणि ती दचकली तर? त्या एक पाऊल पुढे सरकल्या. मग त्यांच्या तोंडून जे निघालं ते त्यांनी ठरवून काढलं नव्हतं.

"अगं, तिकडे कुणाला देतेस? मी इकडे आलेय ना. दारातून आले."

तो आकार हलला.

"आई?"

"हो गं. जिना चढून आले. दम लागला मला. दे इकडे पोरीला."

"तू तर तिथे होतीस," ती बाई म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला. "आत्ता तिथे होतीस."

"आता इथे आहे. बघ, हात लाव." टेलरबाईंनी दोन्ही हात पुढे केले. हवेत, अंदाजाने. एक पाऊल, आणखी एक. तापलेल्या कपाळासारखं गरम काहीतरी त्यांच्या बोटांना लागलं. दंड होता तो. मग त्याच्या पलीकडे एक चिमुकला पाय, मोजा अर्धा निघालेला. त्यांनी त्या बाईच्या कमरेला मिठी मारली आणि मागे, फरशीवर, तिला घेऊन धपकन बसल्या.

नवरा धावत आला. दोघांनी मिळून मुलीला सोडवायला बघितलं, पण आईची बोटं निघेनात. एकेक बोट उकलावं लागलं. मूल रडायला लागलं आणि टेलरबाईंनी त्याला नवऱ्याकडे दिलं. ती बाई त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून हवेतले दोरे काढत बसली. तिच्या डोळ्यांत बुबुळ असं उरलंच नव्हतं, नुसता काळोख. स्वयंपाकघरातल्या टेबलावर निळ्या फुलांची पट्टी पडलेली होती.

रुग्णवाहिका आली. सिस्टर इस्पितळाच्या दारातच उभ्या होत्या. धाकटीला तपासलं, तिच्या पोटात फारसं काही गेलं नव्हतं, तरी तिलाही ठेवून घेतलं. मोठी टेलरबाईंचा पदर धरून बसली आणि सोडायला तयार होईना. दाराआडून आईचं ओरडणं ऐकू येत होतं. तिला बांधून ठेवायला लागलं होतं. त्या ओरडण्यात मधूनच दोन शब्द स्पष्ट यायचे आणि मोठी विचारायची, "आई कुणाला बोलतेय?" टेलरबाई म्हणायच्या, "ताप आलाय ना तिला. तापात बोलतं माणूस."

संध्याकाळी मुलींचे वडील आले. बेकरीत भट्टीवर कामाला होते, रविवारीही त्यांना सुट्टी नसे. पिठाचे हात तसेच होते. डॉक्टरांशी बोलून ते बाहेर आले आणि बाकावर बसलेल्या सगळ्यांकडे बघून म्हणाले, "भाजी कुणी दिली?"

कंडक्टर उठले. "आम्ही सगळेच बागेत..."

"मी दिली," टेलरबाई म्हणाल्या. "खुडली मी, बांधली मी, तिच्या हातात मीच दिली. मला दिसत नाही. कुणाला सांगितलं नव्हतं."

ते गृहस्थ त्यांच्यासमोर उभे राहिले. मारतील असं टेलरबाईंना वाटलं. मारलं असतं तर बरं, असंही वाटलं. "या दोघींनी पोटभर खाल्ली असती तर?" ते म्हणाले. "त्यांना पालक आवडत नाही म्हणून वाचल्या त्या. एवढ्यावरच." मग ते तिथेच भिंतीला टेकून खाली बसले आणि मोठीला जवळ ओढून घेतलं. टेलरबाईंच्या पदरात तिच्या मुठीच्या सुरकुत्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई शुद्धीवर आली. तोपर्यंत टेलरबाई घरी गेल्या नाहीत. आत जायची त्यांना हिंमत नव्हती आणि निघून जायचीही नव्हती. सिस्टरनी येऊन सांगितलं, "धोका टळलाय, टेलरबाई. नवऱ्याला ओळखलं तिने." तेव्हा त्या उठल्या आणि घरी निघाल्या.

पुढच्या रविवारी बागेत कुणी खुरपं हातात घेतलं नाही. सगळे वाफ्यांच्या मधे उभे राहिले. कुणी म्हणालं, बाग बंद करा. कुणी म्हणालं, नुसती फुलं लावा. टेलरबाईंनी डोळ्यांचं सगळ्यांसमोर सांगितलं.

"अहो, सांगायला काय झालं होतं?" कंडक्टर चिडून म्हणाले. "आम्ही काय परके होतो?"

"दुकान गेलं असतं माझं."

"आणि माणूस गेलं असतं तर?"

सिस्टर जमिनीकडे बघत होत्या. मग त्या हळूच म्हणाल्या, "मला त्या दिवशी ती ओळ दिसली होती. मी नंतर बघते म्हटलं, आणि झोप आली म्हणून घरी गेले." शेवटी असं ठरलं, की दोघांनी वेगवेगळी बघितल्याशिवाय एकही जुडी फाटकाबाहेर जायची नाही. कुंपणाकडची ओळ त्याच दिवशी मुळासकट खणून काढली. टेलरबाईंनी खणायला हात लावला नाही. फाटकापाशी उभ्या राहून त्या नुसत्या बघत राहिल्या, जेवढं दिसत होतं तेवढं.

नवऱ्याने त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुकान महिनाभर बंद राहिलं. भीती मात्र गेली नाही. दार वाजलं की त्यांना वाटे, तो बेकरीवाला आला. जिन्यावर लहान मुलाचा आवाज आला की हातातलं काम गळून पडे. भाजी निवडायला त्या बसतच नसत.

दुकान उघडल्यावर काही दिवसांनी ती बाई आली. एकटीच होती. अंगाने खूप उतरलेली, गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळलेली. टेलरबाई उभ्या राहिल्या. हात जोडावेत की पाया पडावं, त्यांना कळेना.

"बसा काकू," तीच म्हणाली आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली. "मला एक विचारायचंय. नवरा सांगत नाही. सिस्टरना विचारलं तर म्हणतात, विसरून जा. तुम्ही तिथे होतात ना?"

"होते."

"मला काहीच आठवत नाही. भाजी परतत होते, तिथपर्यंत आठवतं. मग आई भेटायला आली, असं आठवतं. आणि माझी आई तर..." तिने वाक्य सोडून दिलं. "घरी आल्यावर धाकटीला आंघोळ घातली, तर तिच्या दंडावर वळ होते. बोटांचे. मी माझी बोटं ठेवून बघितली, माझेच आहेत. काकू, मी माझ्या पोरीला काय केलं?"

शेवटचं वाक्य ती इतकं हळू बोलली, की शेजारच्या दुकानातला रेडिओ जास्त ऐकू येत होता. टेलरबाईंनी तिच्याकडे बघितलं. एका डोळ्याने आता स्वच्छ दिसत होतं. रात्र रात्र झोप नसलेला चेहरा होता तो. आपण एकट्याच घाबरून बसलो नव्हतो, हे टेलरबाईंना तेव्हा कळलं. ही रोज त्या मुलीला उचलून घेत असेल आणि रोज स्वतःच्याच हातांना भीत असेल.

नाही गं, काही केलं नाहीस, असं सांगणं सोपं होतं. पण एकदा काही न सांगितल्याने काय झालं ते दोघींनी भोगलं होतं.

"तू खिडकीत उभी होतीस," टेलरबाई म्हणाल्या. "खिडकी उघडी होती. धाकटी तुझ्याकडे होती. तुझी आई बाहेर उभी आहे असं तुला दिसत होतं, आणि तू पोरीला तिच्याकडे देत होतीस."

त्या बाईने तोंडावर हात घेतला.

"थांब, पुरतं ऐक. देत होतीस, पण सोडलं नव्हतंस. किती वेळ तशी उभी होतीस, देव जाणे. हात भरून आले म्हणत होतीस, तरी सोडलं नाहीस. मी तुला मागे ओढलं, माझा नवरा आला, आम्ही दोघं मिळून पोरीला सोडवत होतो तर तुझी बोटं निघेनात. एकेक बोट उकलायला लागलं. ते वळ पोरीला धरून ठेवल्याचे आहेत. डोकं ठिकाणावर नव्हतं तुझं. हात होते."

ती रडायला लागली. टेलरबाईही रडल्या, ऑपरेशन झालेल्या डोळ्याला रडू द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं असूनही. एक गिऱ्हाईक ब्लाउज घेऊन दारात आली, दोघींना बघून तशीच मागे फिरली.

"मी तुम्हाला माफ केलंय असं नाही," डोळे पुसत ती म्हणाली.

"मी माफी मागितलेलीही नाही गं. कुठल्या तोंडाने मागू?"

"नवरा म्हणतो, हे घरच सोडू."

"आणि तू काय म्हणतेस?"

तिने ओढणीने नाक पुसलं. "मी म्हणते, आधी खिडकीला जाळी बसवू. सगळ्या खिडक्यांना. ती बसवल्याशिवाय मला झोप येणार नाही. इथे कोण बसवून देतं?"

"माझा नवरा बसवेल," टेलरबाई म्हणाल्या. "आजच माप घेऊ."

त्यांनी टेप गळ्यात टाकली, दुकानाला कुलूप लावलं आणि वर घराकडे हाक मारली, "अहो, खाली या जरा. आणि तुमची हत्यारांची पेटी आणा."